रेडिओवरचं गाणं कोण ठरवतं?

रेडिओवर कोणतं गाणं लागायचं हे आपण श्रोते ठरवतो, असा आपला एक गोड समज असतो. फर्माइशीची पत्रं आपणच पाठवली, 'आपली आवड'मध्ये नावं आपलीच वाचली गेली, आणि एखादं गाणं नकोसं झालं तर खुंटी पिरगाळून दुसरं केंद्र लावायलाही आपण मोकळेच होतो. पण मुंबईच्या रेडिओचा इतिहास चाळू लागलं की हा समज फार काळ टिकत नाही. या शहराच्या रेडिओवरचं गाणं चार-पाच वेळा पार बदललं. काही वेळा त्यामागे सत्तेची मर्जी होती. पण बहुतेक वेळा गाणं बदलण्याआधी रेडिओचा खर्च उचलणारा बदलला होता. कधी तो परवाना काढणारा श्रोता होता, कधी सरकार, कधी जाहिरातदार, तर कधी लिलावात बोली लावणारी कंपनी. आज या वळणांची गोष्ट सांगायची आहे. आणि ती सांगताना एक प्रश्न सोबत ठेवायचा आहे. रेडिओ गाणी वाजवतो हे खरंच, पण गाणी घडवण्याचं कामही तो करत होता. ते काम कुठे गेलं?

सुरुवात होते २३ जुलै १९२७ या दिवशी. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. त्याआधी चार वर्षं, म्हणजे १९२३पासून, रेडिओ क्लबची हौशी मंडळी मुंबईत प्रक्षेपणाचे प्रयोग करत होतीच. पण नियमित केंद्र हे पहिलंच. प्रक्षेपक होता अवघा दीड किलोवॅटचा. त्याचा आवाज फार तर तीस मैलांपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटरपर्यंत नीट पोचायचा. ही कंपनी खासगी होती हे आज अनेकांना ठाऊक नसतं. तिच्या कमाईचा मोठा आधार म्हणजे श्रोत्यांनी काढायचा वर्षाला दहा रुपयांचा परवाना. सुरुवातीला साऱ्या देशात एक हजारही परवाने नव्हते. १९३० संपताना ते आठ हजारांच्या आतच होते.

दहा रुपये भरून वर महागडं यंत्र विकत घेणारी माणसं त्या काळी कोण असणार? युरोपियन साहेबलोक आणि शहरातले धनिक. त्यामुळे केंद्राचे कार्यक्रम सरळ दोन भागांत वाटलेले होते, एक युरोपीय आणि एक भारतीय. इकडे पाश्चात्त्य वाद्यवृंद, तिकडे आपली गायकी. संगीताची ही वाटणी परवान्यांच्या यादीतून आली होती. पण मूठभर श्रोत्यांवर दोन प्रकारचा संसार चालेना. १ मार्च १९३० रोजी कंपनीचा कारभार आटोपला आणि एक एप्रिलपासून तो सरकारनं हाती घेतला. ८ जून १९३६ रोजी या सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं.

त्या काळाची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. केंद्रावरचं गाणं बहुतांशी प्रत्यक्ष गायलं जायचं. गायक, साथीदार, वाद्यं, सगळा ताफा स्टुडिओत यायचा, लाल दिवा लागायचा आणि गाणं थेट हवेत जायचं. ग्रामोफोनच्या तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांत आटपावं लागणारा राग रेडिओवर जरा ऐसपैस बसायचा. रेडिओ केंद्र म्हणजे कलावंतांचं एक कामाचं ठिकाण होतं. महिन्याची बिदागी देणारं, घराण्यांबाहेरच्या श्रोत्याला गाणं ऐकवणारं.

आता पैसा सरकारचा म्हटल्यावर सरकारी अभिरुचीही आलीच. १ मार्च १९४० रोजी आकाशवाणीवरून हार्मोनियमची हकालपट्टी झाली. पेटीचे स्वर ठोकून बसवलेले, त्यांतून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, असा आक्षेप होता. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहणारे जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार या मताचे होते आणि रवींद्रनाथ ठाकूरही पेटीच्या विरोधातच होते. ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर लोक जीव ओवाळून टाकत, ज्या नाट्यसंगीताचा श्वासच पेटी आणि ऑर्गन होता, तिथल्या केंद्रावरही पेटी बंद. ही बंदी थोडीथोडकी नाही, तीस वर्षांहून जास्त टिकली. १९७१मध्ये ती सैल झाली. इंग्रजांच्या राज्यात निघालेला हुकूम स्वातंत्र्यानंतर चोवीस वर्षं तसाच चालू राहिला.

पण खरा भूकंप झाला तो १९५२ साली. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे त्या वर्षी माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, विद्वान, शास्त्रीय संगीताचे कडवे भक्त. चित्रपटगीतांनी लोकांची रुची बिघडते आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीतांना अगदी थोडा वेळ उरला, तोही गाणी चाळून, पारखून. शिवाय गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते, असा नियम आला. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. पाहता पाहता आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीत जवळजवळ दिसेनासं झालं. ज्या मुंबईत ही गाणी लिहिली जात, चालीत बांधली जात, ध्वनिमुद्रित होत, त्याच मुंबईच्या केंद्रावर ती परकी झाली.

आणि मग घडली ती सर्वांना ठाऊक असलेली कहाणी. त्याच १९५२च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम मुद्रित करत, फिती विमानानं कोलंबोला जात आणि तिथून शॉर्टवेव्हवर हे गाणं समुद्र ओलांडून पुन्हा आपल्या घरी येई. म्हणजे गाणं मुंबईचं, निवेदक मुंबईचा, दंतमंजनाचे पैसेही इथल्याच बाजारातले, फक्त प्रक्षेपक परदेशातला! आमच्या चाळीत दोनच घरी रेडिओ होते, पण बुधवारी रात्री आठ वाजता दोन्ही पंचवीस मीटरवर लागलेले असत आणि खरखरीतून येणारी ती गाणी ऐकायला जिन्याच्या पायऱ्यांवर जागा मिळत नसे. सरकारनं दिलेलं संगीत लोकांनी नाकारलं, असा या कहाणीचा अर्थ आपण नेहमी लावतो. तो खराच आहे.

पण कहाणीची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. चित्रपटगीत गेल्यावर रेडिओला रोजचे तास भरून काढायचे होते. नुसत्या खयाल-ध्रुपदावर ते भरणार नव्हते. मग आकाशवाणीनं स्वतःचं हलकंफुलकं संगीत तयार करायला घेतलं. केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. कवींकडून गीतं मागवायची, संगीतकारांकडून चाली बांधून घ्यायच्या, गायक निवडायचे, वादक नोकरीत ठेवायचे. हिंदीत या प्रयोगाला मर्यादित यश आलं असेल, पण मराठीत त्यानं सोनं केलं.

मुंबईच्या शेजारचंच उदाहरण घ्या. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ला. दीड वर्षानं, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर तिथून 'गीतरामायण' सुरू झालं. केंद्रावरचे सीताकांत लाड यांचा पुढाकार, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली. दर आठवड्याला एक नवं गीत, आणि त्या वर्षी अधिक मास आल्यानं बावन्नाऐवजी छप्पन्न गीतं. गंमत बघा, माडगूळकर आणि फडके हे दोघंही चित्रपटसृष्टीतले नावाजलेले लोक. ज्या रेडिओनं चित्रपटगीताला दार लावलं होतं, त्यानंच चित्रपटवाल्यांना खिडकीतून आत घेऊन त्यांच्याकडून असं काम करून घेतलं, की ते ऐकायला लोक रेडिओला हार घालत, समोर उदबत्ती लावत.

मुंबई केंद्रही मागे नव्हतं. यशवंत देवांसारखा संगीतकार इथे सुगम संगीत पाहत होता. 'भावसरगम'सारख्या कार्यक्रमातून नवीन भावगीतं श्रोत्यांपुढे येत. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे आवाज असलेलं 'शुक्रतारा' १९६२मध्ये मुंबई आकाशवाणीनंच घडवलं. दात्यांचा आवाज देवांनी आधी ऐकला होता तोही इंदूर आकाशवाणीवर. म्हणजे एका केंद्रानं आवाज ऐकवला, दुसऱ्यानं हेरला आणि गाणं बांधून घेतलं. त्यात ना चित्रपटाचा नायक होता, ना तबकडी खपण्याची हमी. होता फक्त एक स्टुडिओ, पगारी वादक आणि दर महिन्याला काहीतरी नवं दिलंच पाहिजे ही शिस्त.

म्हणून केसकरांच्या हट्टाकडे पाहताना मी थोडा घुटमळतो. बंदी चुकीचीच होती. लोकांनी काय ऐकू नये हे मंत्र्यानं ठरवणं मला आजही मान्य नाही. पण त्या बंदीबरोबर निर्मितीची जी जबाबदारी रेडिओनं अंगावर घेतली, तिचं ऋण मराठी भावगीतावर आहे. पुढे बंदी उठली, ते योग्यच झालं. पण तिच्यामागोमाग ती जबाबदारीही हळूहळू उतरत गेली.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. सिलोनकडे गेलेला श्रोता परत आणायचा, हा तिचा उघड हेतू होता. मुंबई आणि मद्रासच्या शॉर्टवेव्ह प्रक्षेपकांवरून ती देशभर जाऊ लागली. तिची घडी बसवली कवी पंडित नरेंद्र शर्मा यांनी, आणि तिचं पहिलं गीतही त्यांनीच लिहिलं. संगीत अनिल विश्वास यांचं, आवाज मन्ना डे यांचा. इथेही पाहा, सुरुवात झाली ती रेडिओनं मुद्दाम बांधून घेतलेल्या गाण्यानं. नंतर मात्र कार्यक्रमांचा मोठा भाग चित्रपटगीतांनी व्यापला. ते स्वाभाविकच होतं, लोकांना तेच हवं होतं.

पुढचं वळण १ नोव्हेंबर १९६७चं. त्या दिवशी मुंबई-पुणे-नागपूर या साखळीवर विविध भारतीत जाहिराती सुरू झाल्या. सरकारी तिजोरीबरोबर आता जाहिरातदारही खर्च उचलू लागला. याचे दोन परिणाम झाले. पहिला, साबण, चहा आणि डोकेदुखीच्या गोळ्यांच्या चाली आमच्या पाठ झाल्या. दुसरा जरा खोल होता. जाहिरात तिथेच जाते जिथे गर्दी असते. त्यामुळे एकाच इमारतीत राहणाऱ्या वाहिन्यांमध्ये वरची-खालची पायरी तयार झाली. चित्रपटगीतांची वाहिनी कमावती ठरली आणि भावगीत, लोकगीत, कीर्तन, शास्त्रीय संगीत घडवणारी वाहिनी घरातल्या न कमावत्या थोरल्या भावासारखी झाली. मान होता, पण हातात पैसा नव्हता.

सत्तेचा हातही पूर्ण सुटलेला नव्हता. आणीबाणीत, मे १९७६मध्ये, किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून अचानक बंद झाली. सरकारी प्रचाराच्या कामाला त्यानं नकार दिला, एवढंच कारण. मंत्री होते विद्याचरण शुक्ल. आणीबाणी उठेपर्यंत देशातला एक सर्वांत लाडका आवाज देशाच्या रेडिओवर नव्हता. १९५२मध्ये निदान अभिरुचीचं निमित्त होतं. इथे तेही नव्हतं.

त्यानंतर आला एफएम. १९९३मध्ये मुंबईत आकाशवाणीनं आपल्या एफएम वाहिनीचे तास खासगी निर्मात्यांना विकायला सुरुवात केली. 'टाइम्स एफएम', 'रेडिओ मिड-डे' ही नावं तरुणांच्या तोंडी झाली. हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणारा निवेदक, पाश्चात्त्य पॉप आणि स्वच्छ, स्टिरिओ आवाज. प्रक्षेपक सरकारचा, पण बोली कॉलेजच्या कट्ट्यावरची. १९९८मध्ये हा करार संपला आणि ते तास पुन्हा आकाशवाणीकडे आले. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला होता. त्या निकालानं सरकारची मक्तेदारी टिकणार नाही हे स्पष्ट केलं. पण जनतेची ही मालमत्ता प्रत्यक्षात वाटली गेली लिलावानं.

या लिलावाचे आकडे मुद्दाम सांगतो, कारण पुढची सगळी गाणी या आकड्यांतून निघाली. मुंबईतल्या एका कंप्रतेचा दर चढत चढत वर्षाला ९ कोटी ७५ लाख रुपयांवर गेला. त्यात दर वर्षी पंधरा टक्के वाढ. हिशेब करून पाहा, दहाव्या वर्षी ही रक्कम चौतीस कोटींच्या पुढे जाते. उत्पन्न होवो न होवो, पैसे भरायचेच. २००२मध्ये रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड, गो आणि विन अशी पाच नवी केंद्रं मुंबईच्या हवेत आली. पाच केंद्रं म्हणजे पाच तऱ्हांचं संगीत मिळेल, अशी अनेकांची अपेक्षा होती. पण एवढा बोजा डोक्यावर असताना कोण धोका पत्करणार? प्रत्येकाला सर्वांत मोठी गर्दी हवी होती आणि सर्वांत मोठी गर्दी नव्या हिंदी चित्रपटगीतांपाशी होती. 'गो'नं इंग्रजी वळणाचा वेगळा बाज धरून पाहिला. 'विन' तर काही वर्षांतच बंद पडलं. बाकीच्यांमध्ये खुंटी फिरवली तरी बहुधा तेच गाणं दुसऱ्या केंद्रावर भेटायचं.

२००५मध्ये धोरण बदललं. एकदाच प्रवेशशुल्क आणि मग उत्पन्नाच्या चार टक्के वाटा, अशी पद्धत आली. २०१०मध्ये कॉपीराइट मंडळानं संगीत कंपन्यांना द्यायचा मोबदलाही जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर आणला. बोजा हलका झाल्यावर थोडं धाडस आलं. १०४.८ या एकाच जागेची कथा पाहा. २००७च्या सुमारास तिथे 'म्याऊ' नावाचं केंद्र आलं, स्त्रियांसाठी आणि गप्पांवर भर असलेलं. मग तिथेच 'ओये' आलं, चालू हिंदी गाण्यांचं. आणि पुढे 'इश्क', प्रेमगीतांचं. 'गो'चं 'रेडिओ वन' झालं आणि पुढे त्यानं मुंबईत पुन्हा इंग्रजी गाण्यांची वाट धरली. २०१५च्या लिलावानंतर 'रेडिओ नशा' आलं, जुन्या हिंदी गाण्यांना वाहिलेलं. ज्या गाण्यांना एके काळी आकाशवाणीनं दार लावलं होतं, त्यांच्याच वंशातली गाणी आता बाजारातला मौल्यवान माल ठरली होती.

हे सगळे बदल श्रोत्याच्या सोयीचे नव्हते असं मी म्हणणार नाही. आवाज स्वच्छ झाला, निवेदक आपल्याशी बोलू लागला, पावसात कुठे पाणी भरलंय, लोकल किती उशिरा धावताहेत हे कळू लागलं. पण एक फरक नीट पाहायला हवा. या सगळ्या नव्या केंद्रांनी गाणी *निवडली*. त्यासाठी श्रोत्यांना गाण्याचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवून पाहण्या घेतल्या, संगणकावर याद्या लावल्या, कोणतं गाणं दिवसात किती वेळा यावं याचं गणित बसवलं. ही निवड मोठ्या हुशारीची आहे. पण निवडायला आधी गाणं असावं लागतं, आणि ते चित्रपटानं किंवा संगीत कंपनीनं करून दिलेलं असतं. चित्रपटाबाहेरचं नवं मराठी गीत या यादीत शिरणार कुठून? त्याची पाहणी करायची तर ते आधी कुणी ऐकलेलं हवं, आणि ऐकायचं तर ते आधी यादीत हवं. मुंबईसारख्या शहरात मराठी गाणं खासगी केंद्रांवर बराच काळ पाहुण्यासारखं राहिलं, त्याचं एक कारण या गणितात आहे.

तुम्ही म्हणाल, आता फोनवर जगातलं हवं ते गाणं मिळतं, मग रेडिओची एवढी काळजी कशाला? मिळतं हे खरं. पण फोनही तुम्ही काल जे ऐकलं त्याच्यासारखंच आज पुढे करतो. इंदूरहून आलेला अनोळखी आवाज ऐकून, याच्याकडून मराठी भावगीत गाऊन घेऊ या, असं कुणाला तरी वाटावं लागतं. ते वाटण्याचा ज्याला पगार मिळतो अशी माणसं रेडिओ केंद्रात होती. त्यांच्या रिकाम्या झालेल्या खुर्च्यांविषयी मी बोलतो आहे.

यावर बंदीचा उपाय मी सुचवणार नाही. तो प्रयोग १९५२मध्ये झाला आणि श्रोते कोलंबोला गेले. पण आपल्याच देशात एक साधा नियम आज अस्तित्वात आहे. २००६च्या धोरणानुसार चालणाऱ्या सामुदायिक रेडिओला आपले निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर स्वतः तयार करावे लागतात. त्यांचा प्रक्षेपक पंख्याएवढी वीज खाणारा, पैशाची कायम ओढाताण, तरी त्यांच्यावर ही अट आहे. मग शहरभर ऐकू जाणाऱ्या, कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या केंद्रांना आणि खुद्द आकाशवाणीला महिन्याला एक नवं गाणं बांधून घ्या, असं सांगणं फार झालं का? एक कवी, एक संगीतकार, एक नवा आवाज, महिन्यातून एकदा. बारा महिन्यांची बारा गाणी. त्यातली अकरा विसरली गेली तरी चालतील. 'भावसरगम'चीही सगळी गाणी कुठे आज आपल्याला आठवतात?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)